किती पक्षी नव्हे, किती बेटं

धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत एखाद्या पक्ष्यापुढे 'संकटसमीप' असा शेरा दिसला की वाचणारा जरा निर्धास्त होतो. अजून धोक्यात नाही, धोक्याच्या जवळ आहे, मग बघू पुढे. पैसा, माणसं, बातम्या सगळं पुढच्या रांगेतल्या जातींकडे वळतं. जी जात दहा जिल्ह्यांत पसरलेली आहे तिच्या बाबतीत हे एक वेळ चालून जाईल. जी जगात एकाच ठिकाणी आहे तिच्या बाबतीत हा हिशेबच चुकतो. अशा जातीबद्दल 'किती उरले?' याआधी 'किती ठिकाणी उरले?' हे विचारायला हवं. कोल्हापूर जिल्ह्यात वनक्षेत्रांचे आराखडे, वृक्षारोपणाच्या मोहिमा आणि पठारांवरचं पर्यटन यांत हा दुसरा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही, म्हणून हा लेख.

या प्रश्नाचं उत्तर प्रत्यक्षात शोधलं गेलं ते हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर. तिथला वटवट्या हा आपल्याकडे पाणकणसात कर्कश कलकलाट करणाऱ्या दंगेखोर वटवट्याचा भाऊबंद. लांबी जेमतेम तेरा सेंटीमीटर, वजन दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. वरून हिरवट तपकिरी, खालून मळकट पिवळसर, नजरेत भरावं असं काही नाही. गाणं मात्र शिट्टीसारखं स्वच्छ. १९ व्या शतकात तो मारियान बेटावरही होता. पुढे बेटांवर नारळाच्या बागा लागल्या, बोटींतून उंदीर-मांजरं आली आणि १९६८ पर्यंत जगातले सगळे सेशेल्स वटवटे कुझाँ नावाच्या एकाच बेटावर उरले. संख्या तीसच्या आत. बेटाचं क्षेत्रफळ सुमारे २९ हेक्टर, म्हणजे बहात्तर एकर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाचं गायरान यापेक्षा मोठं असतं.

त्या वेळी कुझाँ बेट उजाड नव्हतं. दुरून पाहिलं तर हिरवंगार दिसत होतं, कारण त्यावर नारळ होते. पण हा पक्षी जगतो तो रुंद पानांच्या खालच्या बाजूला चिकटलेल्या बारीक कीटकांवर. पिसोनियासारख्या स्थानिक झाडाचं पान मऊ, मोठं, आडवं. पक्षी फांदीवरून मान वर करून, कधी क्षणभर पंख फडफडवत, पानाच्या पोटाला टिपत जातो. नारळाच्या झावळीत त्याला मिळण्यासारखं फार काही नाही. १९६८ मध्ये पक्षिसंरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं, म्हणजे आजच्या बर्डलाइफ इंटरनॅशनलनं, हे बेट विकत घेतलं. त्यानंतर तिथे नवं काही लावण्यापेक्षा काढण्याचं काम जास्त झालं. नारळ हटवले, पडलेल्या नारळांचे कोंब वाढू दिले नाहीत आणि मूळच्या झाडांना जागा करून दिली. उंदीर या बेटावर कधी पोचलेच नव्हते, ते पुढेही पोचू नयेत याची काळजी घेतली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पक्षी तीनशेच्या वर गेले. पिंजऱ्यात एकाही जोडीची वीण करावी लागली नाही.

हा नारळाचा मुद्दा कोल्हापूरकरांनी दोनदा वाचावा असा आहे. आपल्या डोंगरांवर गिरिपुष्प, ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी यांची लागवड दुरून तशीच हिरवी दिसते. हेक्टरी किती रोपं जगली याचा आकडा कागदावर चांगला भरतो. त्या पानांखाली काय खायला आहे, हे कोण बघतं?

सेशेल्समध्ये ते पाहिलं गेलं. १९८५ पासून यान कोमडूर या डच जीवशास्त्रज्ञानं कुझाँवर या पक्ष्याचा अभ्यास सुरू केला आणि तो पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवला. प्रत्येक पक्ष्याच्या पायात रंगीत कड्यांची वेगवेगळी जुळणी, त्यामुळे दुर्बिणीतून माणूस ओळखावा तसा पक्षी ओळखता येतो. दर महिन्याला मुख्य झाडांच्या प्रत्येक जातीची पन्नास पानं उलटून त्यांच्या खालचे कीटक मोजायचे आणि त्यावरून कुठल्या जोडीची हद्द कसदार आणि कुठली भाकड ते ठरवायचं. एवढं साधं काम वर्षानुवर्षं केल्यावर जे कळलं ते थक्क करणारं होतं. मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते. घरट्यातून बाहेर पडलेलं पिल्लू आणखी तीनेक महिने आईबापांच्या जिवावर जगतं. जागा भरल्या की तरुण पक्षी, विशेषतः मुली, आईबापांच्या हद्दीत राहून पुढच्या भावंडांना भरवतात. भाकड हद्दीतल्या माद्यांना ७७ टक्के मुलगे होतात, कारण मुलगे लांब जातात. कसदार हद्दीत मुलग्यांचं प्रमाण १३ टक्क्यांवर येतं, कारण तिथे घरी राहणाऱ्या मुलीची मदत परवडते. पंधरा ग्रॅमच्या पक्ष्याला आपल्या जागेचा कस इतका नेमका कळतो.

पण तीनशे पक्ष्यांनी मूळ प्रश्न सुटला नव्हता. सगळे एकाच बेटावर होते. एखाद्या बोटीतून एक गाभण उंदरीण उतरली असती, एक रोग आला असता, एका कोरड्या वर्षात वणवा लागला असता, तर तीस आणि तीनशे यांत फरक उरला नसता. आणि पक्षी आपणहून पसरत नव्हते. शेजारचं कुझीन बेट जेमतेम दीड किलोमीटरवर. कडी घातलेल्या १,९२४ पक्ष्यांपैकी समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटावर गेलेले सापडले फक्त दोन. पंखांची मापं घेतली, उडण्याची ताकद पाहिली, तर अडचण पंखांची नव्हती. या पक्ष्याला पाणी ओलांडायचंच नव्हतं. समोर मोकळी जागा दिसत असताना गर्दीत राहणं त्यानं पसंत केलं. ज्यांना वाटतं की जंगल राखलं की जीव आपोआप पसरतात, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. उडणारा पक्षी दीड किलोमीटर पाणी ओलांडत नाही. मग एका कातळावरची पाल मधला उसाचा पट्टा आणि डांबरी रस्ता ओलांडून पलीकडच्या टेकडीवर जाईल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर ठेवायची?

म्हणून पक्षी उचलून नेले. सप्टेंबर १९८८ मध्ये २९ पक्षी आरीद बेटावर, जून १९९० मध्ये २९ कुझीनवर, २००४ मध्ये ५८ डेनीवर आणि २०११ मध्ये ५९ फ्रेगाटवर. कामाचा क्रम ठरलेला होता. आधी नव्या बेटावर पानं उलटून कीटक मोजायचे. उंदीर-मांजरं असतील तर त्यांचा पूर्ण नायनाट करायचा. डेनी आणि फ्रेगाट या दोन्ही बेटांवर ती मोहीम पक्षी नेण्याच्या आधी पार पडली होती. फ्रेगाटवर तर उंदीर १९९५ मध्ये आले आणि २००० मध्ये संपवावे लागले. त्यानंतर जाळी लावून पक्षी पकडायचे, वजन-माप, कडी, रक्ताचा थेंब घ्यायचा आणि शक्य तितक्या लवकर सोडायचे, कारण पंधरा ग्रॅमच्या अंगात उपास काढण्याइतकी शिल्लक नसते. मूळ बेटावर रिकाम्या झालेल्या हद्दी घरी बसलेल्या तरुण मदतनिसांनी लगेच भरल्या, त्यामुळे कुझाँचं काही बिघडलं नाही. आरीदवर कीटक भरपूर होते. तिथे जोड्या वर्षभर वीण करू लागल्या आणि एरवी एका अंड्यावर भागवणाऱ्या माद्या काही घरट्यांत दोन-दोन अंडी घालू लागल्या.

चूक कुठे झाली तेही नोंदलेलं आहे आणि ते यशाइतकंच मोलाचं आहे. पहिल्या दोन खेपांना नेलेले २९-२९ पक्षी संख्येनं वाढले, पण त्यांच्यात मूळ बेटावरच्या आनुवंशिक वारशाचे काही धागे कायमचे गळाले. नंतरच्या ५८ आणि ५९ च्या खेपांत ते नुकसान तसं दिसलं नाही. आधीच तीसच्या आत येऊन अरुंद झालेल्या जातीला दुसऱ्यांदा अरुंद करायचं नसेल, तर पुरेशी मोठी तुकडी एकाच वेळी न्यावी लागते, एवढा साधा धडा. आज पाच बेटांवर मिळून हे पक्षी काही हजारांत आहेत आणि २०१५ मध्ये लाल यादीत त्यांचा दर्जा 'संकटसमीप' असा सौम्य झाला. तरीही कुझाँवर येणाऱ्या पर्यटकांच्या बोटी किनाऱ्याला लावू देत नाहीत. बेटावरचे राखणदार स्वतःच्या बोटीतून माणसं उतरवून घेतात, सकाळचे काही तास फिरवतात, परत सोडतात. मुक्कामाला परवानगी नाही. पर्यटकांच्या शुल्कातून राखणीचा खर्च बऱ्याच अंशी निघतो. दर्जा सुधारला म्हणून पहारा सैल केलेला नाही. संकटसमीप या शब्दाचा माझ्या मते खरा अर्थ हाच आहे: पहारा चालू असल्यामुळे संकट अजून जवळच थांबलेलं आहे.

आता कोल्हापूर. समुद्र नाही, पण बेटं आहेत. पन्हाळ्याजवळचं मसाई पठार, राधानगरीतलं इदरगंज, गगनबावडा, आंबा, बर्की, चंदगडकडचे सडे ही जांभ्या दगडाची उंच टेबलं आहेत. चारी बाजूंनी कडे, खाली ऊस, भात, रस्ते, गावं. सड्यावर माती बोटभर ते वीतभर, ती सुद्धा खळग्यांत. उन्हाळ्यात तवा तापावा तसा दगड तापतो, पावसाळ्यात चार महिने पाणी निथळत राहतं. असल्या ठिकाणी जगायला शिकलेला जीव खालच्या शेतात जगू शकत नाही. म्हणूनच कोल्हापूर, सातारा, सिंधुदुर्ग या पट्ट्यातून गेल्या काही वर्षांत पालींच्या नव्या जाती एकामागून एक नोंदवल्या गेल्या, आणि त्यांतल्या काहींचा ठावठिकाणा एका गडापुरता किंवा एका कड्यापुरता आहे. कंदीलपुष्पाच्या, म्हणजे कंदिलासारखी फुलं येणाऱ्या खरपुडीच्या, कित्येक जातींचं तेच. आपली हिरण्यकेशी आंबोलीत उगम पावते आणि मग आजरा, गडहिंग्लजकडे येते. तिच्या उगमाजवळच्या देवळाच्या कुंडात २०२० मध्ये एक नवा मासा नोंदवला गेला, त्याला नदीचंच नाव मिळालं. २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला गेला, क्षेत्र २.११ हेक्टर. कुझाँ बेटाच्या चौदाव्या हिश्श्याएवढं! त्या कुंडात कुणी हौसेनं गप्पी किंवा तिलापिया सोडले, निर्माल्य कुजून पाण्यातला प्राणवायू उतरला, कपडे धुण्याची पावडर गेली, की काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

राधानगरी अभयारण्य १९५८ पासून आहे, गव्यासाठी राखलेलं, राज्यातलं पहिलं. २०१२ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं. अलीकडे पन्हाळगड, विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली. नकाशावर हा पट्टा आता चांगला रंगलेला दिसतो आणि त्यासाठी ज्यांनी पाठपुरावा केला त्यांचे आभार मानायलाच हवेत. मात्र जाहीर करणं म्हणजे बेट विकत घेणं. नारळ काढण्याचं काम त्यानंतर सुरू होतं.

ते काम मोठ्या जनावरांभोवती फिरत राहतं ही खरी अडचण आहे. ताडोबाची वाघीण सह्याद्रीत आणली गेली तेव्हा जिल्हाभर चर्चा झाली, आणि ती व्हायलाच हवी. २०२५ च्या ऑगस्टमध्ये नांदणीच्या मठातून गुजरातला नेलेल्या हत्तिणीसाठी हजारो माणसं पायी चालत कोल्हापुरात आली. त्या वादाच्या दोन्ही बाजू बाजूला ठेवू, पण एका प्राण्यासाठी इतकं चालण्याची ताकद या जिल्ह्याच्या पायांत आहे, हे तर दिसलं. वाघाला सह्याद्रीत परत आणता येतं, कारण तो ताडोबात आहे. सड्यावरची पाल किंवा कुंडातला मासा संपला तर आणणार कुठून?

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो बिनबुडाचा नाही. वटवट्याला बेटोबेटी नेलं, तसं आपणही आपले जीव उचलून दुसऱ्या सड्यांवर सोडायचे का? सरसकट तर मुळीच नाही. दोन टेकड्यांवरच्या पाली दिसायला सारख्या असल्या तरी लाखो वर्षं वेगळ्या वाढलेल्या असू शकतात. त्यांची सरमिसळ म्हणजे दोन्ही बुडवणं. एका ठिकाणचा बेडूक दुसरीकडे सोडताना त्याच्या ओल्या कातडीवरची बुरशी बरोबर जाते. रोपाच्या मुळाशी असलेल्या मातीतून तणाचं बी, मुंग्या, कृमी जातात. शिवाय रानटी जीव उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगीचा विषय आहे, हौसेचा नव्हे. आपल्याकडे 'दुसरं बेट' याचा अर्थ बहुतेक वेळा असा: जिथे तीच जात आणखी एका जागी आधीच आहे, ती जागा शोधून पहिल्याइतकीच कडक राखायची. वनस्पतींना मात्र आणखी एक वाट आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांवर जे काम झालं आहे ते याच प्रकारचं. बियांपासून रोपं वाढवता येतात आणि ती मूळ सड्यावर परत नेता येतात. पण बागेतली कुंडी ही ठेव आहे, घर नव्हे. सडाच उरला नाही तर ठेव परत कुठे भरायची?

आपल्या सड्यांवरचे 'उंदीर' कोण, हेही स्पष्ट बोललं पाहिजे. पहिला, चारचाकी. पावसात सड्यावर गाडी घातली की चाकाच्या दोन रेघांत खळग्यांची कड मोडते, पाणी वेगळ्या वाटेनं पळतं आणि त्याबरोबर बोटभर माती वाहून जाते. ती माती जमायला किती पिढ्या लागल्या असतील याचा विचारही न करता आपण फोटो काढून निघून येतो. गाडी पायथ्याला ठेवून चालत जाण्याची सक्ती केली तर निम्मं काम होईल. दुसरा, सहलीचं खरकटं आणि त्यामागे येणारी भटकी कुत्री. जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल, टिटवीला त्यांच्यापुढे काही चालत नाही. तिसरा, फेब्रुवारी-मार्चमधला वणवा. जाळरेषा, म्हणजे वणवा अडवणारा मोकळा पट्टा, गवत पूर्ण वाळायच्या आत काढायला हवी. बऱ्याच ठिकाणी ती आग लागून गेल्यावर आखलेली दिसते.

चौथ्याबद्दल लिहिताना हात जरा अडखळतो, कारण तो चांगल्या मनानं केला जातो. तो म्हणजे सड्यावरचं वृक्षारोपण. शाळा, मंडळं, कारखाने, पंचायती सगळे 'उजाड' पठार हिरवं करायला निघतात. दोन फूट लांब, दोन फूट रुंद खड्डा म्हणजे सड्यावर बहुधा जांभा फोडणं आलं. भर म्हणून खालून ट्रॉलीनं माती आणायची, तिच्यातून घाणेरी, रानमोडी, गाजरगवत यांचं बी येतं. रोप दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतं, पण फुटलेला दगड आणि तण तिथेच राहतात. चुकून जगलंच, तर त्याच्या सावलीत उन्हात वाढणारी फुलं मरतात. कुझाँवर नारळ लावणाऱ्यांचा हेतूही वाईट नव्हता. सडा उजाड नाही. तो सडा आहे.

उलट टोकाची चूकही टाळायला हवी. कास पठारावर कुंपण घातलं, गुरं बंद केली, गवत उंच वाढलं, फुलांना जागा कमी पडू लागली, आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. पिढ्यानपिढ्या जिथे गुरं हलकी चरत आली आहेत तिथे ती चराई त्या जागेचाच एक भाग झालेली असते. म्हणून मसाईवर किंवा इदरगंजला काय करावं हे मुंबई-पुण्यात बसून ठरवता येणार नाही. धनगर आणि गुराखी यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. कुठल्या खळग्यात खरपुडीचे कंद निघायचे आणि आता निघत नाहीत, हे त्यांना ठाऊक असतं.

खर्चाचं काय? वाघासाठी कोटी लागतात; या कामाला लागतात पावसाळ्यातले चार महिने, दोन माणसं, एक वही आणि चिकाटी. गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समित्या कायद्यानंच आहेत आणि त्यांच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. कित्येक नोंदवह्यांत आंबा, फणस, जांभूळ, मोर, ससा अशी कुठेही चालेल अशी यादी उतरवलेली असते. तिथे एकस्थानी जातींसाठी वेगळं पान हवं: कुठल्या सड्याच्या कुठल्या कडेला, किती जागेत, शेवटची कधी दिसली, जवळात जवळची दुसरी जागा कोणती. दर वर्षी त्याच वाटेनं, त्याच पंधरवड्यात, दोनदा मोजणी. पहिली जुलै अखेरीस, दुसरी सप्टेंबरमध्ये. एका वर्षाच्या आकड्यावरून काही ठरवू नये, पाऊस मागेपुढे झाला की फुलोरा हलतो. पाच वर्षांची ओळ मिळाली की घसरण आणि चढउतार यांतला फरक दिसू लागतो. पानं उलटून कीटक मोजण्याइतकंच हे कंटाळवाणं काम आहे, आणि एखाद्या महाविद्यालयाच्या जीवशास्त्र विभागाला सहज पेलणारं.

आणि निदान एक गोष्ट येत्या उन्हाळ्याआधीच व्हायला हवी. लागवडीचे खड्डे मार्च ते मेमध्ये काढले जातात. त्या वेळी सड्यावर काहीच दिसत नाही: कंदीलपुष्पाचा वेल सुकून गेलेला, कंद वीतभर खाली निजलेला, बेडूक भेगेत, पाल दगडाच्या सांदीत. जागा पाहायला आलेल्या माणसाला ती मोकळी वाटणारच. त्यामुळे मागच्या पावसाळ्यातली नोंद हातात असल्याशिवाय कुठल्याही सड्यावर खड्ड्याची आखणी करू नये, आणि नोंद नसेल तर तिथे पहार टाकू नये.